पाय परदेशात, घड्याळ भंडाऱ्याचं

फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धा झाल्या. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी तिथली मॅरेथॉन २ तास ३८ मिनिटं ३८ सेकंदांत पुरी करून सुवर्णपदक मिळवलं आणि रिओ ऑलिंपिकचं तिकीटही. ऑगस्टमध्ये त्या रिओत धावल्या, तेव्हा तेवढ्याच अंतराला २ तास ५९ मिनिटं २९ सेकंद लागले. धावणारी तीच, अंतर तेच, मधे जेमतेम सहा महिने. मग ही जवळपास एकवीस मिनिटं गेली कुठे?

एखाद्या धावपटूचा एखादा दिवस का बिघडला हे बाहेरून कुणी सांगू नये. पण देशाच्या संघातून, सोबत माणसं असताना गेलेल्या कसलेल्या खेळाडूलाही परदेशातले ४२ किलोमीटर इतके वेगळे लागू शकतात, तर भंडाऱ्याहून स्वतःच्या पैशानं, एकट्यानं जाणाऱ्याचं काय होत असेल, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. आता असे लोक आपल्याकडेही तयार होऊ लागले आहेत. पहाटे वरठीच्या रस्त्यानं किंवा वैनगंगेच्या पुलाकडे गेलं, की पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींच्या बरोबरीनं चाळिशीतले शिक्षक, बँकेतले कर्मचारी, डॉक्टरही धावताना दिसतात. नागपूर, मुंबई झाली की पुढचं स्वप्न बर्लिन, टोकियो, लंडन. घरचं कुणी सोबत जाईलच असं नाही. तिकिटाचा आणि राहण्याचा खर्चच इतका असतो की जाणारा बहुतेक एकटाच जातो.

अशा माणसाच्या शरीरात त्या आठवड्यात काय काय चालतं, ते नीट समजून घेऊ. एकट्यानं जाणाऱ्यासाठी ते जास्तच महत्त्वाचं आहे. मॅरेथॉनच्या शेवटच्या तासात डोकं थकलेलं असतं आणि ‘अगं, जरा हळू’ म्हणायला शेजारी कुणी नसतं. तेव्हाचे निर्णय घरूनच ठरवून न्यावे लागतात, आणि ते ठरवायला कारणं ठाऊक हवीत.

बोडी आणि विहीर

पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर धावावं लागतं, मुलींना ८००. मॅरेथॉन म्हणजे ती १६०० मीटरची दौड सव्वीस वेळा, वर थोडी आणखी. भंडाऱ्याहून महामार्गानं निघालात तर लाखनी मागे टाकून साकोलीच्याही जरा पुढे गेल्यावर ४२.१९५ किलोमीटर भरतात. १६०० मीटरला दम आणि पायातली ताकद पुरते. ४२ किलोमीटरचा सगळा हिशोब इंधनाचा आहे.

ढोबळ नियम असा, की धावताना दर किलोला दर किलोमीटरमागे साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. ६० किलो वजनाच्या माणसाला पूर्ण मॅरेथॉनला सुमारे २५०० किलोकॅलरी लागतील. शरीराकडे इंधनाचे दोन साठे असतात. एक ग्लायकोजेनचा, म्हणजे भात-पोळीतून आलेली साखर स्नायूंत आणि यकृतात साठवून ठेवलेली असते तो. चांगल्या सरावाच्या, पोटभर जेवलेल्या माणसात तो अंदाजे ५०० ग्रॅम, म्हणजे २००० किलोकॅलरींचा. दुसरा चरबीचा. सडपातळ माणसातही तो इतका असतो की कितीतरी मॅरेथॉन निघतील.

मग अडचण कुठे येते? आपल्याकडच्या धानाच्या शेतात बोडी असते आणि विहीरही असते. बोडीचा बांध जरा मोकळा केला की पाणी आपोआप बांधीत धावतं, पण बोडी लहान. विहिरीत पाणी भरपूर, पण पंप जेवढं उपसेल तेवढंच वर येणार. ग्लायकोजेन ही बोडी, चरबी ही विहीर. चरबीतून ऊर्जा काढायला वेळ लागतो आणि तेवढ्याच ऊर्जेला प्राणवायूही जास्त लागतो. म्हणून वेग वाढवला की शरीर बोडीवर जास्त भार टाकतं, आणि वेग जरा कमी ठेवला की विहिरीचा वाटा वाढतो. बोडी तळाला गेली की वेग आपोआप पंपाच्या गतीवर उतरतो. बहुतेकांना हे तिसाव्या ते पस्तिसाव्या किलोमीटरदरम्यान गाठतं. पाय शिशाचे होतात, डोकं सुन्न होतं. धावणारे याला ‘वॉल’ लागली म्हणतात.

परदेशातल्या शर्यतीत ही वॉल लवकर येते, त्याचं एक कारण अगदी साधं आहे. पहिले पाच किलोमीटर फार सोपे वाटतात. हवा गार असते, दोन दिवस विश्रांती झालेली असते, रस्त्याच्या दोन्ही कडांना हजारो लोक ओरडत असतात. ठरवलेल्या वेगापेक्षा किलोमीटरमागे दहा-पंधरा सेकंद कधी कमी झाले ते कळतही नाही. त्या वाढीव वेगाची भरपाई जवळजवळ पूर्णपणे ग्लायकोजेनमधून होते. म्हणून पहिल्या दहा किलोमीटरचा वेग घरी कागदावर लिहून मनगटाला बांधून न्यावा, आणि कितीही हलकं वाटलं तरी तो मोडू नये.

साठा भरून ठेवण्याचा उपायही आहे आणि त्यात आपण भात खाणारे लोक फायद्यात आहोत. शर्यतीआधी दीड-दोन दिवस वजनाच्या दर किलोमागे रोज ८ ते १० ग्रॅम कर्बोदकं खावीत असं क्रीडा-आहारशास्त्र सांगतं. ६० किलोच्या माणसाला हे किमान ४८० ग्रॅम झाले. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ७८ ग्रॅम कर्बोदकं असतात. म्हणजे सगळं भातातूनच घ्यायचं तर दिवसाला सहाशे ग्रॅम तांदूळ शिजवावा लागेल. एवढं एका पोटात जात नाही, म्हणून भाताच्या जोडीला केळी, पाव, बटाटा, फळांचा रस. तेल-तिखट कमी, डाळ-भाज्याही नेहमीपेक्षा कमी, कारण चोथा जास्त झाला तर शर्यतीत पोट घात करतं. या दोन दिवसांत वजन किलो-दीड किलोनं वाढतं. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं, त्याचं ते वजन. घाबरून जेवण कमी करू नये.

एकट्या प्रवाशाला मग सुचतं, की छोटा इलेक्ट्रिक कुकर बॅगेत टाकावा. युरोपात आपल्यासारखाच २३० व्होल्टचा पुरवठा असल्यानं तो चालेल, हॉटेलची परवानगी असेल तर. जपानमध्ये मात्र १०० व्होल्ट असतात. अशा साध्या तापवणाऱ्या उपकरणाची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे आपला ५०० वॅटचा कुकर तिथे १०० वॅटही देणार नाही. पाणी कोमट होईल, तांदूळ तसाच राहील. सुदैवानं टोकियोत साधा भात कोपऱ्यावरच्या कुठल्याही दुकानात मिळतो. तांदूळ, डाळी, बियाणं सोबत नेण्यावर अनेक देशांचे निर्बंध आहेत. विमानतळावर बॅग उघडून बसण्यापेक्षा तिथलाच भात शोधावा.

धावतानाही तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका जेलच्या पुडीत साधारण २५ ग्रॅम, एका मध्यम केळ्यात जवळपास तितकीच. धावताना पोटाकडे रक्त कमी जातं, त्यामुळे ही सवयही महिनोन्महिने लावावी लागते. जी पुडी वरठीच्या रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटरच्या सरावात पचली तीच न्यावी. शर्यतीआधीच्या प्रदर्शनात फुकट वाटलेली नवी चव शर्यतीत उघडू नये.

उकाड्यात तयार झालेलं अंग

स्नायू इंधनातला जेमतेम पाचवा हिस्सा धावण्याला देतात, उरलेल्याची उष्णता होते. आपल्या ६० किलोच्या धावपटूनं चार तासांत मॅरेथॉन केली तर तासाला सुमारे ५०० किलोकॅलरी उष्णता बाहेर टाकावी लागते. ती टाकताच आली नसती तर तासाभरात शरीराचं तापमान दहा अंशांनी चढलं असतं, आणि माणूस त्याआधीच कोसळला असता. आपल्याला वाचवतो तो घाम. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. इथे ‘वाळताना’ हा शब्द लक्षात ठेवावा. रोवणीच्या दिवसांत हवा दमट असते, घाम वाळत नाही, नुसता टपकतो. टपकलेला घाम अंगातलं पाणी नेतो आणि उष्णता तशीच ठेवतो.

उष्णता बाहेर काढायला शरीर रक्त त्वचेकडे पाठवतं. तेच रक्त पायांना हवं असतं. म्हणून उकाड्यात त्याच वेगाला हृदय जास्त धडधडतं. गार हवेत ही ओढाताण बरीच कमी होते. पॅरिस, लंडन, बर्लिन, बोस्टन, शिकागो आणि न्यूयॉर्क या सहा शहरांतल्या २००१ ते २०१० च्या शर्यती आणि त्यांतल्या सुमारे १८ लाख धावपटूंच्या वेळा संशोधकांनी तपासल्या, तेव्हा हवेच्या सगळ्या घटकांत तापमानाचाच परिणाम सर्वांत मोठा निघाला. सर्वांत चांगल्या वेळा साधारण ४ ते १० अंशांच्या दरम्यान येतात.

मे महिन्यात ४४-४५ अंश सोसणाऱ्या आपल्या माणसाला हे तापमान फार गार वाटतं, पण धावणं सुरू झालं की ते वरदान ठरतं. शिवाय उन्हाळा अंगवळणी पडलेल्या शरीरात एक चांगला बदल झालेला असतो. दहा-चौदा दिवस उकाड्यात व्यायाम केला की रक्तातला पातळ द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. वाढलेला हा द्रव थंडीतही हृदयाचं काम थोडं सोपं करतं. फक्त हा बदल काही आठवड्यांत ओसरतो.

खरी थंडी वाजते ती सुरू होण्याआधी. न्यूयॉर्कमध्ये धावपटूंना पहाटेच बसनं नाहीतर फेरीबोटीनं स्टेटन बेटावर नेतात आणि तिथे काही तास उघड्यावर थांबावं लागतं. कुडकुडणं हेही स्नायूंचंच काम आहे, त्यातही जमवलेलं इंधन जळतं. सोबत कुणी असतं तर शेवटच्या क्षणी त्याच्याकडे स्वेटर दिला असता. एकट्यानं असा जुना स्वेटर न्यावा की जो तिथेच सोडता येईल. मोठ्या शर्यतींत असे टाकलेले कपडे गोळा करून गरजूंना देतात. रोवणीला बाया पाठीवर घेतात तसला प्लास्टिकचा कागद घडी करून खिशात ठेवला तर पाऊस आणि वारा दोन्ही अडतात. वजन काहीच नाही.

पाण्याबाबत आपल्या मनात उन्हाळ्याची भीती बसलेली असते, आणि ती गार हवेत धोक्याची ठरते. प्रत्येक टेबलावर दोन-दोन पेले पीत गेलं, घाम कमी आला, तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. याला हायपोनेट्रेमिया म्हणतात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, त्यांतल्या १३ टक्क्यांमध्ये ते सापडलं. वाटेत वजन वाढेपर्यंत पाणी पिणारे आणि चार तासांहून जास्त वेळ धावणारे त्यात अधिक होते. डोकं दुखणं, मळमळ, गोंधळणं ही लक्षणं पाणी कमी पडल्यासारखीच दिसतात, आणि एकटा माणूस आणखी पाणी पितो. तहान लागेल तेवढंच प्यावं, हाच नियम.

बोटीनं गेलेले चौगुले

आपल्या भाषेच्या मुलखातून परदेशी मॅरेथॉनला जाणाऱ्यांत बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले अगदी आघाडीचे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर अनवाणी धावणारी खेड्यातली पोरं सर दोराबजी टाटांनी पाहिली, आणि त्यातून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा छोटा संघ गेला. चौगुले मुंबईहून बोटीनं इंग्लंडला पोचले, तिथे सराव केला आणि २२ ऑगस्ट १९२० रोजी ४२.७५ किलोमीटरचं अंतर २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत कापून एकोणिसावे आले. अंतराची ४२.१९५ ही आजची मोजणी पुढच्या वर्षी पक्की झाली. चौगुले आजच्यापेक्षा अर्धा किलोमीटर जास्त धावले होते. सातारचे सदाशिव दातारही त्या शर्यतीत उतरले होते.

बोटीचा प्रवास कष्टाचा, पण त्यात एक सोय होती. भारत आणि इंग्लंडच्या वेळेतला काही तासांचा फरक बोट काही आठवड्यांत हळूहळू पार करायची. रोजची पंधरा-वीस मिनिटं शरीर सहज पचवतं. विमान तेच अंतर एका रात्रीत तोडतं आणि शरीराचं घड्याळ मागे राहतं. जेट लॅग म्हणतात तो हा.

हे घड्याळ मेंदूत, डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर असतं. तांदळाच्या दाण्याहून लहान पेशीपुंजांची ती एक जोडी. झोप कधी यावी, भूक कधी लागावी, पोट कधी साफ व्हावं, अंगाचं तापमान कधी चढावं हे ती ठरवते. रोज पहाटे साधारण चार-पाचला अंगाचं तापमान सर्वांत खाली असतं आणि दुपार उलटल्यावर, संध्याकाळच्या सुमारास सर्वांत वर. बहुतेकांचे स्नायू त्या संध्याकाळच्या वेळी उत्तम चालतात. डोळ्यांवर पडणारा उजेड हे घड्याळ पुढेमागे सरकवतो, पण ढोबळ मानानं दिवसाला एक तासच. त्यातही पूर्वेला जाणं, म्हणजे लवकर झोपायला लागणं, पश्चिमेला जाण्यापेक्षा जड जातं.

आता हे भंडाऱ्याच्या घड्याळावर लावून पाहा. बर्लिनची शर्यत सप्टेंबरच्या शेवटी, तिथल्या सकाळी सव्वानऊच्या सुमारास सुटते. तेव्हा आपल्याकडे दुपारचा पाऊण वाजलेला असतो. शरीर पूर्ण जागं, तापलेलं. लंडनला दहा वाजता निघालात तर भंडाऱ्यात दुपारचे अडीच. युरोपात गेल्यावर रात्री आठलाच डोळे मिटू लागतात आणि पहाटे तीन-चारला जाग येते. लोक याला कंटाळून रात्री उशिरापर्यंत जागण्याचा हट्ट करतात. माझ्या मते तो करू नये. शर्यतीच्या दिवशी पहाटे पाचलाच उठून खायचं असतं, तेव्हा ही लवकरची जाग आयतीच मिळालेली सोय आहे. युरोपात तीन-चार दिवस आधी पोचून निम्मं भारतीय घड्याळ तसंच ठेवणं उत्तम.

टोकियोचं गणित वेगळं आणि गमतीचं. तिथे मार्चच्या सुरुवातीला सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी शर्यत सुटते, म्हणजे भंडाऱ्यात पहाटेचे पाच-चाळीस. आपण रोज वैनगंगेकडे धावायला निघतो तीच वेळ! पण त्यासाठी टोकियोत पाचला उठायचं म्हणजे शरीराच्या हिशोबानं रात्री दीडला. म्हणून घरी असतानाच आठवडाभर रोज अर्धा तास लवकर झोपून, लवकर उठून, उठल्या उठल्या भरपूर उजेड घ्यावा.

अमेरिका हे खरं संकट. बोस्टन एप्रिलमध्ये साडेनऊ तास मागे, शिकागो ऑक्टोबरमध्ये साडेदहा. दिवस-रात्र पुरती उलटी होते. तिथे किमान आठवडा आधी पोचता येत नसेल तर वेळेचं लक्ष्य सोडून द्यावं आणि शर्यत पुरी करण्यासाठी धावावं. न्यूयॉर्कला आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ती शर्यत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी असते आणि त्याच पहाटे अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात. मोबाइल आपोआप बदलतो. मनगटावरचं साधं घड्याळ बदलत नाही.

आदल्या रात्री झोप येत नाही म्हणून कुणी घाबरू नये. ती जवळपास कुणालाच येत नाही. त्याआधीच्या तीन-चार रात्री नीट गेल्या असतील तर एका रात्रीनं फारसं बिघडत नाही.

---
चौकट : भंडाऱ्याच्या हंगामावरून शर्यत निवडताना

मोठ्या शर्यतीचा मुख्य सराव तिच्या आधीच्या साडेतीन-चार महिन्यांत होतो.

टोकियो (मार्च) : सराव नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आपल्याकडची धावण्याची सर्वांत चांगली हवा. वेळेचा फरक साडेतीन तास, पूर्वेला.

लंडन (एप्रिल) : सराव जानेवारी ते मार्च. शेवटचे आठवडे तापलेले, म्हणून पहाट गाठावी. फरक साडेचार तास, पश्चिमेला.

बोस्टन (एप्रिल) : हंगाम लंडनचाच, पण फरक साडेनऊ तास. वयानुसार ठरलेली पात्रता-वेळ लागते.

बर्लिन (सप्टेंबर) : लांब पल्ल्याचा सराव भर पावसाळ्यात, दमट हवेत. सरावाच्या वेळा संथ येतील, त्यावरून खचू नये.

शिकागो (ऑक्टोबर), न्यूयॉर्क (नोव्हेंबर) : सराव पावसाळा आणि ऑक्टोबर हीटमध्ये. फरक साडेदहा तास.
---

प्रवेश आणि कागद

प्रसिद्ध शर्यतींत प्रवेश बहुतेक सोडतीनं मिळतो. २०२५ च्या लंडनच्या सोडतीसाठी आठ लाखांहून जास्त अर्ज आले होते, आणि शर्यत पुरी करणारे होते सुमारे ५६ हजार. सोडतीशिवाय वयोगटाची पात्रता-वेळ, धर्मादाय संस्थेसाठी निधी गोळा करणं किंवा अधिकृत सहल कंपनीचं पॅकेज हे मार्ग असतात. पण युरोपातल्या कितीतरी चांगल्या शर्यतींत वेळेत पैसे भरले की थेट प्रवेश मिळतो. पहिल्या एकट्या वारीसाठी मी तीच वाट धरायला सांगेन. गर्दी कमी, मुक्काम स्वस्त, आणि सोडतीच्या नशिबावर वर्ष घालवावं लागत नाही.

प्रवेशाचं पत्र म्हणजे व्हिसा नव्हे. शेंगेन देशांसाठी प्रवासाआधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो आणि किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. विमा घेताना शर्यतीत भाग घेतल्यावर तो लागू राहतो का, हे लेखी विचारून घ्यावं. काही पॉलिसींत स्पर्धात्मक खेळ वगळलेले असतात. आपला जिल्हा नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयाखाली येतो, आणि अमेरिकेच्या व्हिसासाठी मुंबई गाठावी लागते. त्या मुलाखतीच्या तारखा कधी कधी फार लांबच्या मिळतात. मोठ्या शर्यतींत छातीवर लावायचा क्रमांक, म्हणजे बिब, आदल्या दिवसांत शर्यतीच्या प्रदर्शनात स्वतः पासपोर्ट दाखवूनच घ्यावा लागतो. विमान उशिरा आलं आणि प्रदर्शन बंद झालं तर पुढे काही करता येत नाही.

बिबच्या मागच्या बाजूला नाव, रक्तगट, ॲलर्जी, औषधं आणि घरचा फोन देशाच्या क्रमांकासह लिहायची जागा असते. गर्दीत कित्येकांचे बिब मागून कोरेच असतात. एकट्या माणसानं ते सगळ्यात आधी, पक्क्या शाईच्या पेनानं भरावं. बेशुद्ध माणसाची ओळख तिथे दुसरं कुणी सांगणार नसतं.

मोबाइलवरचा ठिपका

त्याच बिबमागे कागदाइतकी पातळ चिप असते. तिला बॅटरी नसते. रस्त्यावर अंथरलेल्या चटईतून रेडिओलहरी येतात, त्याच ऊर्जेवर चिप आपला क्रमांक परत सांगते आणि वेळ नोंदली जाते. सुरुवातीच्या चटईपासून शेवटच्या चटईपर्यंतचा वेळ हा तुमचा खरा वेळ, मग रेषेपर्यंत पोचायला गर्दीत अर्धा तास लागला तरी हरकत नाही. मधल्या चटया बहुधा दर पाच किलोमीटरला असतात.

भंडाऱ्यात घरची मंडळी ॲपवर हा प्रवास बघत असतात. नकाशावर एक ठिपका सरकताना दिसतो आणि आईला वाटतं, पोरगी आत्ता तिथे आहे. खरं तर दोन चटयांच्या मधला ठिपका बहुतेक वेळा अंदाजाचा असतो. आधीच्या वेगावरून ॲपच तो पुढे ढकलत राहतं. पोरगी बत्तिसाव्या किलोमीटरला पेटका आला म्हणून चालू लागली असेल, तरी ठिपका धावतच राहील आणि पस्तिसाव्याशी येऊन अडकेल. बर्लिनची शर्यत असेल तर आपल्याकडे तेव्हा दुपारचे चार-साडेचार झालेले असतात. चहा ठेवलेला असतो, ठिपका हलत नाही, आणि घरात काळजी सुरू होते. निघण्यापूर्वी घरच्यांना हे समजावून सांगावं: वॉल लागल्यावर पाच किलोमीटरला पाऊण तासही लागू शकतो, तेवढा वेळ वाट बघा. त्यानंतरही चटईची नोंद आली नाही तर कुठे फोन करायचा, तो आयोजकांचा क्रमांक फ्रिजवर लावून ठेवा.

मनगटावरचं जीपीएस घड्याळही असंच समजून वापरावं लागतं. शर्यतीचा मार्ग खास मोजणी-यंत्र लावलेल्या सायकलीनं, प्रत्येक वळण आतल्या कडेनं घेत मोजतात, आणि अंतर चुकूनही कमी पडू नये म्हणून हजारात एक भाग, म्हणजे सुमारे ४२ मीटर, जास्त ठेवतात. गर्दीत आपण वळणं बाहेरून घेतो, लोकांना वळसे घालतो. उंच इमारतींवरून उपग्रहाचे संकेत उसळून येतात, त्यामुळे घड्याळही चुकतं. शेवटी ते ४२.७ किलोमीटर दाखवतं. किलोमीटरला सहा मिनिटांचा वेग धरून ४ तास १३ मिनिटांचं लक्ष्य ठेवलं असेल, तर घड्याळावर बरोबर सहा मिनिटं दिसत असूनही ४ तास १६ मिनिटं लागतात. म्हणून रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाट्यांवर वेळ जुळवत जावं.

रेषा ओलांडल्यावर

शेवटच्या रेषेवर लोक थांबतात, गुडघ्यावर हात टेकतात, आणि त्यांतले काही कोसळतात. धावताना पोटऱ्यांचे स्नायू दर पावलाला पायातलं रक्त वर ढकलत असतात. आपण थांबलो की ते ढकलणंही थांबतं, पण पायांच्या रक्तवाहिन्या अजून पसरलेल्याच असतात. रक्त खाली साचतं, दाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यामुळे मेडल घेतल्यावरही दहा-पंधरा मिनिटं चालत राहावं. अंधारी आलीच तर आडवं होऊन पाय उंच ठेवावेत आणि हात वर करून स्वयंसेवकाला बोलवावं. वैद्यकीय तंबूत जायला संकोच करू नये. ते लोक त्याचसाठी तिथे असतात, आणि हॉटेलच्या खोलीत एकट्यानं चक्कर येण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

घामानं ओलं झालेलं अंग गार हवेत पाच मिनिटांत थंड पडतं. कोरडे कपडे सामानाच्या पिशवीत सर्वांत वर ठेवावेत, कारण बोटं इतकी बधिर झालेली असतात की गाठ सुटत नाही. मुक्काम शेवटच्या रेषेपासून चालत किंवा एका मेट्रोच्या अंतरावर असावा, भले थोडा महाग पडला तरी. मेट्रोचं कार्ड, थोडी रोख रक्कम आणि हॉटेलचा पत्ता तिथल्या भाषेत लिहिलेली चिठ्ठी कमरेच्या पट्ट्यात ठेवावी; मोबाइलची बॅटरी तेव्हा संपलेली असू शकते.

परतीचं विमान त्याच रात्रीचं घेऊ नये. मॅरेथॉननंतर स्नायूंना इजा झालेली असते, अंगातलं पाणी कमी असतं, आणि त्यावर आठ-दहा तास गुडघे मुडपून बसणं म्हणजे पायातल्या शिरांत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढवणं. एक पूर्ण दिवस मधे सोडावा, त्यात हळूहळू शहर फिरावं, आणि विमानात दर तासा-दीड तासानं उठून चालावं. एकाच पोटरीला सूज आली, दाबल्यावर दुखलं, किंवा घरी आल्यावर धाप लागू लागली, तर स्नायू आखडला असेल असं समजून मालीश करत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं आणि लांबच्या विमानप्रवासातून आलो आहोत हे त्यांना आठवणीनं सांगावं.